लांब पल्ल्याच्या यॉट शर्यतीत क्रू म्हणून उतरताना

ऑस्ट्रेलियातली सिडनी–होबार्ट ही शर्यत ६२८ नाविक मैलांची आहे. सरासरी ७ नॉट, म्हणजे तासाला ७ नाविक मैल, वेगाने जाणाऱ्या मध्यम आकाराच्या यॉटला ती पुरी करायला जवळजवळ ९० तास लागतात आणि या ९० तासांत बोट एकदाही थांबत नाही. रात्र झाली, पाऊस आला, निम्म्या क्रूला बोट लागली, तरी शिडे चढलेलीच असतात आणि सुकाणूवर कोणीतरी उभे असते. याच बोटीचा सरासरी वेग ७ ऐवजी ७.१ नॉट राहिला, तर ती सुमारे सव्वा तास आधी पोहोचते. हा सव्वा तास किनाऱ्यावरून दिसणाऱ्या जल्लोषाच्या सुरुवातीत मिळत नाही. तिसऱ्या रात्री पहाटे तीन वाजता ओले, झोपाळू लोक शिडाकडे लक्ष देत आहेत की नाही, यावर तो ठरतो. म्हणून नव्या क्रूकडून स्किपरची, म्हणजे बोटीच्या कप्तानाची, अपेक्षा साधी असते. तिसऱ्या रात्रीही हा माणूस उपयोगाचा उरला पाहिजे. पुढची सगळी तयारी त्या एका रात्रीसाठी आहे, असे समजून केली तर चुकीच्या गोष्टींवर वेळ जात नाही.

शर्यत आणि बोट निवडणे

पहिल्या अनुभवासाठी ६०० मैलांच्या आसपासची शर्यत हीच वरची मर्यादा धरावी. दर वर्षी २६ डिसेंबरला सुटणारी सिडनी–होबार्ट, इंग्लंडहून सुटणारी, १९२५ पासून चालत आलेली फास्टनेट, माल्टाहून निघून सिसिलीला वळसा घालणारी ६०६ मैलांची मिडल सी रेस आणि अँटिग्वाहून सुटणारी कॅरिबियन ६०० या साधारण त्याच मापाच्या शर्यती आहेत. पण मैल सारखे म्हणून त्रास सारखा नसतो. कॅरिबियनमध्ये पाणी कोमट असते आणि भिजलेला माणूस लवकर सुकतो, तर होबार्टच्या वाटेवर दक्षिणेचा थंड वारा समोरून आला की तीच भिजलेली अवस्था धोक्याची होते. लॉस एंजेलिसहून होनोलुलूला जाणारी ट्रान्सपॅक २,२२५ मैलांची असली, तरी तिचा मोठा भाग पाठीमागून वारा घेत होतो आणि त्यामुळे बोट कमी कलते. नवख्यांना रीतसर प्रशिक्षण देऊन, शुल्क घेऊन नेणाऱ्या शर्यतीही आहेत; रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुरू केलेली आणि १९९६ मध्ये पहिल्यांदा झालेली क्लिपर जगप्रदक्षिणा त्यांत सर्वांत परिचित आहे. माझे मत विचाराल, तर यांपैकी कशाच्याही आधी, एक रात्र समुद्रात काढावी लागेल अशा ६० ते १०० मैलांच्या दोन शर्यती कराव्यात. अंधारात डेकवर वावरणे आपल्याला जमते का, हे तेवढ्यात कळते.

बोट मिळवण्यासाठी यॉट क्लबांच्या क्रू-याद्या उपयोगी पडतात, पण त्याहून खात्रीचा एक मार्ग आहे आणि तो फारसे कोणी सांगत नाही. शर्यत संपल्यावर बोट परत मूळ बंदरात न्यायची असते. तेव्हा बहुतेक क्रू विमानाने घरी जातो आणि स्किपर माणसे शोधत राहतो. अशा परतीच्या प्रवासाला हात वर केला, तर मैल जमा होतात आणि शर्यतीचा ताण नसताना बोट शिकता येते. बऱ्याच मोठ्या शर्यतींत बोटीला आणि क्रूच्या ठराविक हिश्शाला आधी पात्रतेचा प्रवास पूर्ण करावा लागतो, त्यामुळे हे मैल कागदोपत्रीही कामाला येतात.

स्किपरला लिहिताना मैल, केलेली कामे आणि न येणारी कामे सरळ सांगावीत. मी स्पिनेकर (पाठीमागच्या वाऱ्यात लावायचे मोठे फुगीर शीड) कधी हाताळलेला नाही, असे लिहिणाऱ्याला जागा मिळते. सगळे येते असे लिहिणारा पहिल्याच सरावात उघडा पडतो. आपणही विचारून घ्यावे: खर्च कसा वाटला जातो, विमा कोणाचा आहे, क्रू किती जणांचा आहे, वॉच, म्हणजे कामाच्या पाळ्या, कशा लावणार आणि हवामान बिघडल्यास शर्यत सोडण्याचा निर्णय कसा होतो. शेवटच्या प्रश्नावर जो स्किपर हसून विषय बदलतो, त्याच्या बोटीवर मी जात नाही. १९९८ च्या सिडनी–होबार्टमध्ये ११५ बोटी निघाल्या आणि ४४ पोहोचल्या; त्या वादळात ६ खलाशी मृत्युमुखी पडले. वेळेवर माघारी फिरणे हा त्या दिवशी चांगल्या स्किपरचा गुण ठरला.

बोट पाहायला गेल्यावर रंगापेक्षा तळ पाहावा. फरशीची फळी उचलून खाली पाणी साचले आहे का, बंक (झोपायच्या फळ्या) कोरडे आहेत का, लाइफजॅकेटवर तपासणीची तारीख आहे का, हे दहा मिनिटांत दिसते. धक्क्याला लागताना कोणाच्या हातून चूक झाली, तर स्किपर त्या माणसाशी कसा बोलतो, हेही त्याच दहा मिनिटांत ऐकून घ्यावे. चार दिवस तोच आवाज ऐकायचा असतो.

किनाऱ्यावरची तयारी

वर्ल्ड सेलिंग या संस्थेच्या खोल समुद्रासाठीच्या सुरक्षा नियमांत शर्यतींचे वर्ग केलेले असतात आणि मोठ्या शर्यतींत क्रूपैकी निदान काही जणांनी समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. आपण त्या संख्येत नसलो, तरी हा अभ्यासक्रम करावाच. तलावात पूर्ण कपड्यांनिशी फुगलेले लाइफजॅकेट घालून उलटा पडलेला तराफा सरळ करणे एकदा केले की, ते किती अवघड आहे हे शरीराला कळते.

गाठी मोजक्याच लागतात, पण त्या डोळे मिटून आणि थंड बोटांनी बांधता आल्या पाहिजेत: बोलाइन, क्लोव्ह हिच, रोलिंग हिच आणि दोराच्या टोकाला मारायची आठाची गाठ. विंचचे, म्हणजे दोर गुंडाळून ताणायच्या फिरत्या दंडगोलाचे, काम मात्र हातात बसवून घ्यावे. दोर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, सैल दोर ओढून घेताना दोनच वेढे ठेवायचे आणि ताण वाढेल तसे वाढवायचे. आधीच चार वेढे घेतले, तर ते एकमेकांवर चढून दोर अडकतो आणि ताणाखाली तो सुटत नाही. दोर धरताना करंगळी विंचच्या बाजूला आणि अंगठा दूर राहील अशी मूठ ठेवावी, म्हणजे दोर अचानक ओढला गेला तरी बोटे आत जात नाहीत. ताण सोडताना वेढ्यांवर तळहात सपाट दाबून दोर इंचाइंचाने सरकू द्यावा. ही शेवटची क्रिया नवख्याकडून सर्वांत जास्त वेळा चुकते.

सामान एका मऊ पिशवीत बसले पाहिजे. कडक बॅगेला बोटीवर जागा नसते. सुती कपडे घरी ठेवावेत, कारण ते भिजले की सुकत नाहीत आणि अंगातली ऊब खेचून घेतात. अंगालगत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर पाणी न झिरपणारे जॅकेट व पँट, एवढे बहुतेक समुद्रांना पुरते. तांबडा प्रकाश देणारा डोक्याचा दिवा हवा, कारण पांढऱ्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते आणि ती पुन्हा यायला वीस-तीस मिनिटे लागतात. दोरीने कमरेला बांधलेला चाकू, चष्म्याला पट्टी आणि नेहमीची औषधे दुप्पट घ्यावीत. झोपण्याचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड वेगळ्या जलरोधक पिशवीत बांधून, काहीही झाले तरी डेकवर घालायचा नाही, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. पहिल्या लांब शर्यतीत मी तो मोडला आणि उरलेल्या दोन रात्री ओल्या पायांनी झोपलो.

बोट लागणे

आपल्याला बोट लागत नाही, असे सांगणारे अनेक जण पहिल्या संध्याकाळी कठड्याला टेकलेले दिसतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आतल्या कानाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, या विसंगतीने ते घडते. गोळी उलटी सुरू झाल्यावर उपयोगाची नाही. डॉक्टरांना विचारून औषध आधी ठरवावे, घरी एकदा घेऊन किती झोप येते ते पाहावे आणि निघण्याच्या काही तास आधी सुरू करावे. जांभया, थंड घाम आणि गप्प बसावेसे वाटणे ही पहिली लक्षणे आहेत. ती दिसताच क्षितिजाकडे पाहावे, शक्य असल्यास सुकाणू मागून घ्यावे, आणि खाली जावेच लागले तर वाटेत न थांबता थेट बंकवर आडवे व्हावे. केबिनमध्ये वाकून पिशवीत मोजे शोधण्याइतके त्रासदायक दुसरे काही नसते, म्हणून पहिल्या रात्रीचे कपडे निघण्यापूर्वीच वर काढून ठेवावेत. उलटी झाली तरी घोट घोट पाणी घेत राहावे. वॉच-प्रमुखाला वेळेवर सांगावे. लपवलेल्या आजारपणामुळे दुसऱ्या कोणाला तरी अचानक दुप्पट काम पडते.

वॉच आणि तिची अदलाबदल

क्रूचे दोन गट करून चार तास काम आणि चार तास विश्रांती, ही सर्वांत सरळ पद्धत आहे. थंड समुद्रात रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या लावतात. काही बोटींवर सगळा गट एकदम न बदलता दर तासाला एक-दोन माणसे बदलतात, त्यामुळे डेकवर कोणीतरी ताज्या डोळ्यांचे राहते. पद्धत कोणतीही असो, चार तासांच्या विश्रांतीत कपडे काढणे, खाणे आणि पुन्हा तयार होणे वजा केले, तर झोप जेमतेम अडीच तासांची मिळते. पहिल्या दुपारी उत्साह असतो, झोप येत नाही. तरीही पहिल्याच विश्रांतीला जाऊन डोळे मिटून पडावे. जे पहिला दिवस डेकवर गप्पांत घालवतात, ते दुसऱ्या रात्री बसल्या जागी पेंगतात.

आता अदलाबदलीची पंधरा मिनिटे जवळून पाहू, कारण चांगली आणि वाईट बोट इथे वेगळी ओळखू येते. वॉच तीनला बदलायची असेल, तर पावणेतीनच्या आधीच खाली तांबडा दिवा लागतो आणि कोणीतरी झोपलेल्याच्या खांद्याला हात लावून हळू आवाजात वेळ, थंडी किती आहे आणि वर किती थर घालावे लागतील, हे सांगते. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोके लगेच चालत नाही. त्याला कपडे चढवायला, लाइफजॅकेटचे पट्टे मांड्यांखालून आवळायला आणि गरम पेय घ्यायला तो वेळ लागतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, डेकवर पाऊल टाकण्यापूर्वीच तो टेदरचा, म्हणजे लाइफजॅकेट बोटीला जोडणाऱ्या पट्ट्याचा, हुक बाहेरच्या कडीला लावतो. मग तो काही मिनिटे नुसता बसतो. जाणारा माणूस त्याला सांगतो: दिशा अमुक अंश, वारा १८ नॉट पण झोतात २४, गेल्या तासात वारा दहा अंश उजवीकडे सरकला, मुख्य शिडाला पहिला रीफ आहे (म्हणजे शीड एक टप्पा लहान केले आहे), डावीकडे दूर एका जहाजाचा दिवा आहे आणि तो मागे पडतो आहे, दुसऱ्या रीफचा दोर बूमपाशी (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यापाशी) घासतो आहे, त्यावर लक्ष ठेव. सुकाणू तोपर्यंत जुन्याच हातात असते. नवा माणूस बोटीची लय पायांत आल्यावर चाक घेतो, आणि जुना आणखी दोन मिनिटे शेजारी थांबून मगच खाली जातो. सगळे ठीक आहे, एवढेच सांगून खाली पळणारा माणूस मला एकदा भेटला होता. त्याने न सांगितलेला घासलेला दोर वीस मिनिटांनी तुटला.

उशिरा वर येणे हा या खेळातला सर्वांत मोठा अपराध मानला जातो आणि तो तसाच मानावा. पाच मिनिटांचा उशीर म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाच्या झोपेतली पाच मिनिटे.

डेकवरचे काम

नवख्याला बहुधा आधी वाऱ्याकडच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसवतात. हे हलके काम नाही. क्रूचे वजन बोट कमी कलवते आणि कमी कललेली बोट वेगाने जाते. झोपतानाही वाऱ्याकडचा बंक घ्यायचा असतो, आणि बोटीने टॅक घेतला, म्हणजे वळून वारा दुसऱ्या बाजूने घेतला, की झोपलेल्यांनी उठून पलीकडे जायचे असते. कुरकुर न करता जो हे करतो, त्याचे नाव पुढच्या शर्यतीच्या यादीत राहते.

शीड आवळण्याचे काम मिळाले, तर त्यावर चिकटवलेले लोकरीचे धागे पाहायला शिकावे. दोन्ही बाजूंचे धागे मागे सरळ वाहत असले, तर शीड नीट आहे. पुढची कड फडफडू लागेपर्यंत दोर सैल सोडावा आणि फडफड थांबेल इतकाच परत घ्यावा, हे दर काही मिनिटांनी करत राहावे. रात्री धागे दिसत नाहीत आणि थकलेला माणूस दोर आवळून ठेवतो. वेगाच्या आकड्यात ०.२, ०.३ नॉट कुठे गेले हे कोणाच्या लक्षात येत नाही. दिव्याचा झोत थोडा वेळ शिडावर टाकून पाहण्याचा कंटाळा करू नये.

रात्री सुकाणू धरताना होकायंत्राकडे टक लावून पाहिले की बोट नागमोडी जाते. दिशा पकडून डोलकाठीजवळ एखादा तारा धरावा, त्यावर बोट चालवावी आणि मधूनमधून होकायंत्र तपासावे. आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी तारा बदलावा. अर्धा-पाऊण तास झाला की आपले चालवणे बिघडते आणि ते स्वतःला कळत नाही. वेळ लावून चाक पुढच्याला द्यावे.

रीफ घेणे, म्हणजे वारा वाढल्यावर मुख्य शिडाचा खालचा भाग गुंडाळून शीड लहान करणे, हे अंधारात चुकण्याचे ठरलेले ठिकाण आहे, म्हणून त्याचा क्रम पाठ असावा. आधी मुख्य शिडाचा दोर आणि बूम खाली धरणारा व्हँग सैल करायचा. मग हॅलियार्ड (शीड वर चढवणारा दोर) खुणेपर्यंत खाली सोडून शिडाची पुढची कडी हुकात अडकवायची. हॅलियार्ड पुन्हा ताणायचा. त्यानंतरच मागचा रीफचा दोर ओढून शिडाची मागची कड बूमला घट्ट आणायची, आणि शेवटी शीड आवळून व्हँग लावायचा. मागचा दोर आधी ओढला, तर शीड फाटते. हे चालू असताना सूचना एकाच माणसाने द्याव्यात आणि ज्याला सांगितले त्याने तीच सूचना मोठ्याने परत म्हणावी. रीफची वेळ आली का, अशी चर्चा सुरू झाली, तर ती वेळ बहुधा होऊन गेलेली असते.

पाठीमागून वारा घेताना बूमच्या झेपेत डोके ठेवू नये. नकळत जाइब झाला, म्हणजे मागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने आला, तर बूम एका क्षणात एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते. तिला पुढे बांधून ठेवणारा प्रिव्हेंटर लावलेला आहे का, हे वॉच घेताना विचारावे.

पाण्यात पडणे

८ नॉट वेगाची बोट सेकंदाला चार मीटरहून जास्त जाते. अर्ध्या मिनिटात पडलेला माणूस सव्वाशे मीटर मागे राहतो आणि लाटांमध्ये त्याचे डोके दिसत नाही. म्हणून सगळा भर न पडण्यावर असतो. अंधारात, डेकवर एकटे असताना, रीफ घेताना आणि स्वतःला घ्यावेसे वाटेल तेव्हा टेदर लावलेला असलाच पाहिजे. शक्य तिथे आखूड टेदर वापरावा आणि तो वाऱ्याकडच्या बाजूच्या जॅकलाइनला (डेकच्या लांबीभर ताणलेल्या पट्ट्याला) लावावा, म्हणजे पडलो तरी डेकवरच पडतो. हुक कुठे लागतो आहे, हे हाताने चाचपून पाहावे. २०१७ मध्ये दक्षिण हिंद महासागरात एका जगप्रदक्षिणा शर्यतीत शीड बदलताना पाण्यात पडलेल्या खलाशाचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला, आडवा ताण येऊन वाकला आणि उघडला; तो खलाशी वाचला नाही.

तरीही कोणी पडलेच, तर पाहणाऱ्याने ओरडायचे, तरंगणारे जे हाताशी असेल ते फेकायचे आणि त्यानंतर दुसरे काहीही न करता हाताचे बोट त्या माणसाकडे रोखून धरायचे. एका क्षणासाठीही नजर हटवायची नाही. दुसरा जीपीएसवरचे बटण दाबतो, सुकाणूवरचा बोट वाऱ्यात वळवून थांबवतो. आपणच पडलो, तर थंड पाण्यात पहिले मिनिट फक्त श्वास सावरण्यात घालवावे. हातापायांत उपयोगाची ताकद साधारण दहा मिनिटे राहते, पण लाइफजॅकेट असेल तर शुद्ध त्याहून बराच वेळ टिकते, त्यामुळे पोहून दमण्यात अर्थ नसतो.

बोट सोडून तराफ्यात जाण्याची घाई करू नये, हे १९७९ च्या फास्टनेट शर्यतीने शिकवले. त्या वादळात २४ बोटी खलाशांनी सोडून दिल्या. त्यांपैकी ५ बुडाल्या आणि बाकीच्या नंतर तरंगत सापडल्या.

चार दिवस एकत्र राहणे

भूक नसली तरी जेवणाच्या वेळी खावे आणि लघवीचा रंग गडद दिसला की पाणी वाढवावे. बद्धकोष्ठता सर्वांना होते आणि कोणी बोलत नाही. पहिल्या दिवसापासून पाणी व सुका मेवा घेत राहिले तर त्रास कमी होतो. शौचालयात सर्वांनी बसावे आणि बाहेर पडताना ते कोरडे करून यावे. खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटते, म्हणून दिवसातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने अंग पुसून अंतर्वस्त्रे बदलावीत. आपली वस्तू जिथून काढली तिथेच ठेवावी. अंधारात दुसऱ्याच्या बुटाला ठेचकाळून झालेली भांडणे मी पाहिली आहेत. थकवा आला की विनोद टोचू लागतात, तेव्हा गप्प राहणे आणि न मागता दुसऱ्याला गरम पेय नेऊन देणे, या दोन गोष्टी हमखास चालतात.

शर्यत संपल्याचा भोंगा वाजला तरी क्रूचे काम संपत नाही. ओली शिडे धुऊन पसरायची असतात, दोर गोड्या पाण्यातून काढायचे असतात, विंच आणि फरशीखालचा तळ साफ करायचा असतो, आणि कुठे काय घासले, तुटले, अडले त्याची यादी आठवत असतानाच लिहायची असते. ती यादी स्किपरच्या हाती देताना स्वतःची मैलांची नोंदवही पुढे करून सही घ्यावी आणि परतीच्या प्रवासाला माणूस हवा आहे का, ते विचारावे.